मापात वाकडं

सुट्या भागांच्या किटमधून स्वतः जोडायच्या विमानाजवळ ओळंबा घेऊन बसलेल्या माणसाला धुळ्यात एकांत मिळत नाही. गोंदूरकडे जाणारा प्रत्येक जण शेडमध्ये डोकावतो, चहा होईपर्यंत थांबतो, मागे जाऊन एक डोळा मिटतो आणि निकाल देतो, "इमाननं शेपूट वाकडं शे, भो!" त्याला काय सांगणार? शेपूट वाकडं आहेच. ते वाकडं करण्यासाठीच तर सकाळपासून गुडघ्यांवर रांगणं चाललंय. प्रश्न एवढाच की किती वाकडं आणि कोणत्या बाजूला.

शेपटीवरचं उभं पातं, म्हणजे फिन, नाकाच्या रेषेत असावी असं कोणालाही वाटेल. इंजिनाला तसं वाटत नाही. रोटॅक्स ९१२ किंवा जबिरू इंजिनाचा पंखा कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने फेकलेली हवा धडाला वेढे घालत मागे जाते आणि फिनच्या डाव्या गालावर आदळते. शेपूट उजवीकडे सरकतं, नाक डावीकडे. चढताना नाक वर असल्याने उजव्या बाजूला खाली येणारं पातं हवा जास्त कोनात कापतं, जास्त ओढतं, आणि नाक पुन्हा डावीकडेच. म्हणून रडरच्या, म्हणजे फिनमागच्या हलत्या भागाच्या, पेडलवर पायलटचा उजवा पाय कायम दाबलेला. वैशाखात खान्देशची हवा तापून इतकी विरळ होते की चढायलाच वेळ लागतो. तेवढा वेळ तो पाय दाबलेलाच.

यावर उपाय असा की फिनची पुढची कड जराशी डावीकडे बसवायची. मग समोरून येणारी हवा उजव्या गालाला दाबते आणि दोन्ही भांडणं परस्पर मिटतात. 'जराशी' म्हणजे किती, ते किटच्या नकाशात असतं. नकाशा इंचात, टेप मिलिमीटरमध्ये आणि मिस्त्री सुतात. फिनचा पाया ७०० मिलिमीटर धरला, तर पुढची कड दोन सूत, म्हणजे पाव इंच सरकवली की अर्धा अंश होतो. एवढ्याशा कोनासाठी पुढचं सगळं.

आधी विमान लेव्हलला आणायचं. महागडं डिजिटल यंत्र असेल तर उत्तम, पण गवंड्याची पाण्याची नळी माझ्या मते जास्त प्रामाणिक. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नये. मग फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीच्या, मध्यातून एक ओळंबा, शेपटीच्या टोकातून दुसरा, आणि खालच्या दोन खुणांमधून खडूची दोरी झटकायची. ही मध्यरेषा. ओळंबा हलू नये म्हणून शटर ओढायचं आणि टेबलफॅन बंद करायचा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे करून पाहा, मग वाकडेपणाबद्दल बोला.

आता आडवा स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख. त्याच्या दोन्ही टोकांपासून फायरवॉलच्या मध्यापर्यंतची अंतरं सारखी हवीत. टेपचा हूक ढिला असतो, म्हणून शहाणी माणसं टेप १०० च्या खुणेवर धरतात आणि नंतर १०० वजा करतात. मदतीला आलेले काका एका बाजूचे वजा करतात, दुसऱ्या बाजूचे विसरतात, आणि शेपूट दहा सेंटिमीटर तिरकं आहे असा शोध लागतो. यानंतर फिनच्या शेंड्यापासून स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजायचं. इथे फरक चालत नाही. फिन वळलेली हवी, कललेली नको. शेवटी तिच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून खडूच्या रेषेपासून दोन सूत मोजायचे. फिनचा मागचा खांब रेषेवरच.

फिन बसवायच्या ब्रॅकेटला भोकं पाडताना घाई नको. आधी अडीच मिलिमीटरची, क्लेकोने, म्हणजे काढता येणाऱ्या तात्पुरत्या खिळीने, पकडून सगळी मापं पुन्हा, आणि मगच दीड सुती बोल्टाचं पूर्ण भोक. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टाच्या जाडीच्या दुप्पट, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर तरी राहायला हवेत. भोक चुकलं तर कानस मारून लांबट करणारे महाभाग असतात. त्या लांबट भोकात फिन थरथरायला लागते आणि ब्रॅकेटला तडा जातो. नवा ब्रॅकेट घ्यावा.

उड्डाणातल्या चाचणीसाठी पहाटेची शांत हवा लागते, आणि त्याआधी एक गोष्ट, जी सगळे विसरतात: विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारं गोळीचं यंत्र पॅनेलवर सरळ बसलंय का? जमिनीवर लेव्हल केलेल्या विमानात गोळी मध्यभागी नसेल, तर वाकडं शेपूट नाही, पॅनेल आहे. चाकांवरची आवरणं तिरकी असली तरी नाक वळतं. ही यादी संपल्यावर क्रूझच्या, म्हणजे सरळ प्रवासाच्या, वेगाला, पंख समांतर ठेवून, पाय पेडलवरून काढून पाहायचं. गोळी उजवीकडे गेली तर रडर उजवीकडे हवा. त्यासाठी त्याच्या मागच्या कडेची पट्टी डावीकडे वाकवायची. हे उलटं वाटतं, आणि म्हणूनच निम्मे लोक ती उजवीकडे वाकवतात. पट्टी आधी चिकटपट्टीने लावावी, थोडी थोडी वाकवावी, रिव्हेट शेवटी.

एवढं करूनही जमतं ते फक्त एका वेगाला आणि एका पॉवरला. चढताना उजवा पाय लागणारच. पॉवर बंद करून उतरताना वेढ्यांची हवा नसते, फिनचा कोन मात्र तसाच, म्हणून मग डावा.

आणि इंजिन बदललं तर? सोनेक्स या किटच्या विमानात जबिरूही बसतं आणि फोक्सवॅगनवर आधारलेलं एरोव्हीही. एरोव्हीचा पंखा उलटा फिरतो, त्यामुळे फिनची कड उजवीकडे हवी. जुनं विमान घेताना लोक तास किती झाले ते विचारतात, टायर दाबून पाहतात, भाव पाडतात. शेपूट कोणत्या इंजिनासाठी बसवलं होतं, हे विचारायचं राहूनच जातं, आणि मग पहिल्या टेकऑफला दोन्ही पाय गोंधळतात.