अमेरिकन कॉलेजची स्लँग: टिकटॉकवर जन्मली नाही, पाठ करून येत नाही

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो. शब्द थोडे बदलतात, दावे तेच. तिथली कॉलेजची मुलं आता धड इंग्रजी बोलत नाहीत. ही नवी भाषा, म्हणजे स्लँग (तरुणांची अनौपचारिक बोली), टिकटॉकने चार-पाच वर्षांत तयार केली. तिला व्याकरण नाही. तिच्यामुळे मुलांचं लिखाण बिघडलं. आणि तरीही तिथे टिकायचं असेल तर खालचे पन्नास शब्द पाठ करा. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही. शेवटचा तर मुलांना अडचणीत आणणारा आहे.

“ही भाषा टिकटॉकने जन्माला घातली.”

अमेरिकन कॉलेजांतल्या शब्दांचा आणि चालीरीतींचा संग्रह १८५१ सालीच छापला गेला. तो केला बेंजामिन होमर हॉल या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने. तासाला दांडी मारणं म्हणजे ‘बोल्ट’. पुस्तकात डोकं घालून बसणारा घासू म्हणजे ‘डिग’. लॅटिन-ग्रीक धड्याचं आयतं भाषांतर म्हणजे ‘पोनी’, कारण तट्टावर बसलं की अवघड वाट सहज पार होते. गाईडवर परीक्षा काढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगायला नको. येल विद्यापीठात ‘फिझल’ होतं: शिक्षकांनी नाव पुकारल्यावर लाजत उठायचं, अडखळायचं, शेवटी ‘येत नाही’ म्हणायचं, आणि बहुतेकदा मूळ प्रश्नच चुकीचा समजलेला असायचा. साफ आपटला तर ‘फ्लंक’. आज ‘फ्लंक’ साध्या इंग्रजीत आहे. त्याला कुणी स्लँग म्हणून नाक मुरडत नाही.

पुढचं सांगायचं तर, चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात कॉनी एबल यांनी १९७२ पासून वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून चालू शब्द लिहून घेतले. ‘चिल’ आणि ‘स्वीट’ त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिले. पुष्कळ शब्द दोन वर्षांत मरतात, काही मात्र तीन पिढ्या टिकतात, हे अशा नोंदींमुळेच दिसतं.

आज टिकटॉकच्या नावावर खपणाऱ्या शब्दांचे खरे मालक वेगळेच आहेत. ‘कूल’ आला कृष्णवर्णीय जॅझ वादकांकडून. ‘स्ले’ (झकास करून दाखवणं) आणि ‘शेड’ (आडून मारलेला टोमणा) पसरले न्यूयॉर्कच्या बॉलरूम मंडळींमधून. तिथल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स तरुणांच्या स्पर्धांत हे शब्द १९८०च्या दशकातच रुळलेले होते. ‘नो कॅप’ म्हणजे ‘थापा नाही, खरं सांगतोय’. तो अटलांटाच्या हिपहॉपमधून २०१०च्या दशकात देशभर गेला, पण एकमेकांवर शाब्दिक कुरघोडी करण्याला ‘कॅपिंग’ म्हणणं कृष्णवर्णीय समाजात १९६०-७०च्या दशकांपासून होतं. टिकटॉकने शब्द वेगाने वाहून नेले, घडवले कमीच. आणि ज्यांनी घडवले त्यांचं नाव पुसून ते ‘जेन झी’च्या (आजच्या तरुण पिढीच्या) खात्यात जमा करणं हा अन्याय आहे, तो दर वेळी बोलून दाखवायला हवा.

खरोखर नवे शब्दही आहेत, ते मान्य. ‘रिझ’ म्हणजे समोरच्याला बोलण्याने मोहात पाडायची हातोटी. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवरच्या काई सेनॅटमुळे तो गाजला आणि २०२३मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ‘करिझ्मा’चं डोकं आणि शेपूट छाटून मधला तुकडा ठेवला की झाला ‘रिझ’. ही छाटणीही जुनीच: ‘इन्फ्लुएन्झा’चा ‘फ्लू’ आणि ‘रेफ्रिजरेटर’चा ‘फ्रिज’ असेच झाले.

“तिला व्याकरण नाही.”

हा दावा सर्वांत चुकीचा आहे आणि तो खोडायला मराठी माणसाला सर्वांत सोपा आहे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातला, ओकलंडच्या बाजूचा शब्द घ्या: ‘हेला’. ‘हेला गुड’ म्हणजे फार चांगलं, ‘हेला पीपल’ म्हणजे खूप माणसं, ‘आय हेला लाइक इट’ म्हणजे मला ते फारच आवडतं. प्रमाण इंग्रजीत या तीन जागी तीन वेगळे शब्द लागतात: व्हेरी, मेनी, रिअली. ‘हेला’ विशेषण, नाम आणि क्रियापद तिघांच्याही आधी बसतो. आता आपला ‘जाम’ पाहा: जाम भारी, जाम गर्दी, जाम आवडलं. जागा त्याच तीन, काम तेच. ज्याला ‘जाम’ कुठे बसतो ते कळतं त्याला ‘हेला’चं व्याकरण आधीच येतं.

दुसरं उदाहरण कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीतलं, जिथून कॉलेजच्या स्लँगचा मोठा हिस्सा येतो. ‘शी वर्किंग’ आणि ‘शी बी वर्किंग’ ही दोन वाक्यं बाहेरच्याला सारखीच अशुद्ध वाटतात. पण पहिल्याचा अर्थ ‘ती काम करतेय’ आणि दुसऱ्याचा ‘ती काम करत असते’. प्रमाण इंग्रजीला हा फरक दाखवायला क्रियापदाचं रूप बदलावं किंवा ‘युज्वली’सारखा शब्द जोडावा लागतो, आपल्याला मात्र ‘असते’ पुरतो. जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’ या टीव्ही कार्यक्रमातल्या बाहुल्यांची चित्रं दाखवली: बिस्किटांचा वेडा कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय आणि एल्मो बिस्किटं खातोय. ‘हू इज ईटिंग’ विचारल्यावर सगळ्यांचं उत्तर एल्मो. ‘हू बी ईटिंग’ विचारल्यावर कृष्णवर्णीय मुलं बहुतेक कुकी मॉन्स्टर म्हणाली, कारण बिस्किटं नेहमी तोच खात असतो. गोऱ्या मुलांना हा ‘बी’ ऐकूच आला नाही. ती एल्मोच म्हणाली. नियम माहीत नसलेली मुलं इथे कोणती?

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी दाखवलेला आणखी एक नियम: या बोलीत ‘इज’ तिथेच गळतो जिथे प्रमाण इंग्रजीत तो आखडता येतो. ‘ही इज टायर्ड’चं ‘हीज टायर्ड’ होतं, म्हणून ‘ही टायर्ड’ चालतं. ‘आय नो व्हॉट ही इज’मधला शेवटचा ‘इज’ आखडत नाही, म्हणून तो गाळताही येत नाही.

“स्लँगमुळे लिखाण बिघडलं.”

बोलणं आणि लिहिणं वेगळं ठेवता येतं. ‘जाम’ म्हणणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या पेपरात ‘जाम’ लिहीत नाही, तसंच तिथेही. काळजी करायचीच तर ईमेलची करा. प्राध्यापकांना पहिलं पत्र ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव असं सुरू करावं, विषयात कोर्सचा क्रमांक द्यावा, पहिल्या दोन ओळींत प्रश्न मांडावा. उत्तराखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पुढे तसं हाक मारायला हरकत नाही.

“पन्नास शब्द पाठ करा.”

पहिली अडचण: यादी कुठल्या कॉलेजची? एमआयटीत ‘टूल’ म्हणजे अभ्यासाला जुंपून घेणं, ‘पंट’ म्हणजे ते सोडून देणं, ‘पीसेट’ म्हणजे दर आठवड्याची गणितं. ‘हॅक’ही तिथलाच. तिथल्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात १९५०च्या दशकाअखेरीस ‘हॅकर’ रुळला आणि आज आपण मराठीत ‘खातं हॅक झालं’ म्हणतो. व्हर्जिनिया विद्यापीठात आवाराला ‘कॅम्पस’ नाही, ‘ग्राउंड्स’ म्हणतात, आणि ‘फ्रेशमन’ऐवजी ‘फर्स्ट इयर’.

दुसरी अडचण गंभीर आहे. पाठ केलेली कृष्णवर्णीय बोली तोंडातून काढली की ती नक्कल वाटते, चेष्टाही वाटू शकते. रॅपच्या गाण्यातला ‘एन’ने सुरू होणारा वंशवाचक अपशब्द तर गाणं म्हणतानाही उच्चारू नका. कृष्णवर्णीय मित्र आपापसांत वापरतात म्हणून तो तुमचा होत नाही.

ऐकून कळायला हवेत ते शब्द साधे असतात, आणि फसवणूक तिथेच होते. जेवायला बोलावल्यावर ‘आयम गुड’ म्हणजे ‘नको’. धक्का लागल्यावर माफी मागितली तर ‘यू आर गुड’ म्हणजे ‘असू दे’. ‘आयम डाउन’ म्हणजे उदास नव्हे. ‘मी येतो, तयार आहे’. ‘सहा वाजता भेटू’वर ‘बेट’ म्हणजे पैज नाही, ‘ठरलं’. ‘मिड’ म्हणजे मध्यम नव्हे. तुमच्या हातच्या भाजीला कुणी मिड म्हटलं तर ती आवडलेली नाही.

उलट, काही शब्द आपण सोबत नेतो आणि तेच अडतात. ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-थ्री’ म्हणजे तिथे ‘त्या वर्षी मी बेशुद्ध पडलो’, म्हणा ‘ग्रॅज्युएटेड’. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की प्राध्यापकांना वाटतं तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही, म्हणा ‘क्वेश्चन’. खोडरबराला ‘रबर’ म्हणू नका, तिथे तो निरोध; म्हणा ‘इरेझर’.

पाठच करायचं असेल तर कार्यालयाची भाषा करा. ‘कर्व्ह’ म्हणजे वर्गाच्या एकूण गुणांच्या तुलनेत श्रेणी लावणं. ‘इन्कम्प्लीट’ म्हणजे उरलेलं काम ठरल्या तारखेपर्यंत पूर्ण करायची सवलत. बहुतेक ठिकाणी ती तारीख चुकली की नापास. ‘ड्रॉप’ आणि ‘विथड्रॉ’ एकच समजू नका. मुदतीत ड्रॉप केलेला कोर्स सहसा गुणपत्रकावर उरत नाही, विथड्रॉ केलेल्यापुढे ‘डब्ल्यू’ राहतो. आणि एफ-१ व्हिसावर पदवीला असलेल्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट लागतात. त्याखाली जाणारा कोर्स सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून मंजुरी घ्या. ती न घेता सोडलात तर व्हिसाचा दर्जाच जाऊ शकतो.