तेल बेंबीत, कोरडे ओठ

नागपुरात थंडी पडली की हा फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘बेंबीत ७२,००० नसा असतात. रात्री मोहरीच्या तेलाचे दोन थेंब सोडा, ओठ उलणार नाहीत. बाम लावू नका, त्यानं ओठांचं नैसर्गिक तेल बनणं बंद पडतं.’

आधी नसा. ७२,००० हा हठयोगातल्या नाड्यांचा, म्हणजे प्राण वाहण्याच्या मानलेल्या वाटांचा आकडा. इथं तो रक्तवाहिन्यांच्या नावावर खपवलाय. पोटातल्या बाळाला नाळेतून रक्त मिळतं हे खरं. पण जन्मानंतर त्या वाहिन्या मिटतात, यकृताकडे जाणारीचा तर नुसता तंतुमय दोर उरतो. बेंबीतून ओठांपर्यंत तेलाला वाटच नाही. चादर तेवढी तेलकट होते.

‘नैसर्गिक तेल’ जास्त फसवं, कारण ऐकायला शास्त्रीय वाटतं. त्वचेला तेल देणाऱ्या ग्रंथी बहुतेक केसांच्या मुळाशी असतात. ओठांच्या लाल भागावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्याही जवळजवळ नाहीतच. काहींच्या ओठांवर बारीक पिवळसर ठिपके दिसतात, त्या तैलग्रंथी. पण त्या सगळ्यांना नसतात. मग बामनं बंद काय पडणार? शिवाय त्वचेचा वरचा थर तिथं फार पातळ, म्हणून पाणी भराभर उडतं. डिसेंबरातली कोरडी हवा त्यात भर घालते.

बामची सवय लागते ही तक्रार मात्र अगदीच हवेतली नाही. मेन्थॉल, कापूर, सुगंध काहींना झोंबतात. ओठ आणखी सोलवटतात आणि हात पुन्हा डबीकडे जातो. त्यावर उपाय बिनवासाची पेट्रोलियम जेली. व्हॅसलीनचं पेटंट १८७२ सालचं, काम तेव्हापासून तेच: आतलं पाणी उडू न देणं. घरचं तूपही चालेल, फक्त ते ओठांवरच लावा! मोहरीचं तेल उललेल्या ओठांना नको, ते स्वतःच झोंबतं. आणि सारखी जीभ फिरवू नका. थुंकी वाळते तसे ओठ जास्त कोरडे पडतात.

नुसते ओठांचे कोपरे चिरत असतील तर कारण वेगळं असू शकतं: बुरशी, लोहाची किंवा बी जीवनसत्त्वाची कमतरता, सैल कवळी. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या ओठावर पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर तेल-बाम दोन्ही राहू द्या, नागपुरात ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून या.