हद्दवाढ, रूसो आणि आमची ग्रामसभा

कोल्हापुरात हद्दवाढीचा विषय निघाला की दोन्ही बाजूंनी एकच वाक्य कानावर येतं, "ही जनतेची इच्छा आहे." शहरातली जनता म्हणते गावं आत घ्या, गावातली जनता म्हणते आमच्या वाटेला जाऊ नका. बंद दोघंही पाळतात, मोर्चे दोघंही काढतात. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, त्यानंतर पन्नास वर्षं हद्द इंचभर हलली नाही. मधे २०१७ ला शहराभोवतीच्या भागाच्या विकासासाठी प्राधिकरण आलं, ४२ गावं त्यात गेली, वाद जिथल्या तिथं.

मी शहराला खेटलेल्या गावात राहतो आणि पोटासाठी रोज शहरात जातो, म्हणजे शिव्या दोन्हीकडच्या ऐकतो. माझं म्हणणं एवढंच की या भांडणात 'जनतेची इच्छा' कुणीच पुढं करू नये. जनता म्हणजे कोण, यावरच तर भांडण आहे.

रूसो या विचारवंतानं १७६२ साली सामाजिक करारावर (माणसं एकत्र येऊन समाज आणि सत्ता कशी उभी करतात यावर) लिहिताना नेमकं इथंच बोट ठेवलं. लोक राजा निवडतात म्हणता, मग त्याच्या आधी ते 'लोक' कसे झाले ते सांगा, असा त्याचा सवाल. बहुमताचा निकाल मानायचा, हेसुद्धा आधी कधीतरी सगळ्यांनी एकमतानं ठरवलेलं असावं लागतं. आता हे हद्दवाढीला लावून बघा. मतदान घ्यायचंच ठरलं, तर कुणाचं? शहर आणि गावं एकत्र मोजली तर शहर जिंकणार. गाववार मोजलं तर गावं जिंकणार. मतपेटी उघडायच्या आधीच निकाल लागलेला, रेघ कुठं ओढली त्यावर. आणि रेघ ओढायची अधिसूचना काढणार राज्य सरकार. आपण हरकती नोंदवायच्या.

खुद्द रूसोचीही यातून सुटका नव्हती. 'जिनिव्हाचा नागरिक' अशी ओळख तो अभिमानानं लावायचा. पण त्या जिनिव्हात राहणाऱ्या बहुतेकांना मताचा हक्कच नव्हता, बायकांचा तर प्रश्नच नाही. (आणि त्याच जिनिव्हानं त्याचं पुस्तक जाळायला लावलं. गावकीचं प्रेम म्हणतात ते हेच.)

कॉलेजात राज्यशास्त्राला 'सामूहिक ईहा' (म्हणजे सगळ्यांच्या हिताची सामूहिक इच्छा) म्हणून हे सगळं पाठ करून आपण मार्क मिळवले. त्यातली कामाची गोष्ट अशी : सगळ्यांच्या इच्छांची बेरीज वेगळी आणि सगळ्यांचं हित वेगळं. घरफाळा वाढू नये ही माझी इच्छा. शेजाऱ्याची तीच, पलीकडच्या गल्लीचीही तीच. गावातल्या एकूण एक माणसाची असली तरी ती बेरीजच राहते. शहराचंही तसंच. लोकसंख्या वाढली की निधी वाढेल, बिल्डरला जागा मिळेल, नेत्याला प्रभाग मिळतील, ही पण बेरीजच. रूसो मतदाराला विचारतो की तुला काय पाहिजे ते राहू दे, सगळ्यांच्या हिताचं काय ते सांग. असा प्रश्न विचारणारा एकही फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही.

पण याच रूसोनं एक भयंकर वाक्यही लिहून ठेवलंय. सामूहिक इच्छा जो मानणार नाही, त्याला मानायला लावायचं, म्हणजेच त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडायचं. पुढं १७९३-९४ ला रूसोला डोक्यावर घेणाऱ्या रोबेस्पिएर या फ्रेंच क्रांतीतल्या नेत्याच्या राज्यात पॅरिसमध्ये गिलोटिनखाली किती मुंडकी उडाली ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं गिलोटिन नाही, पण "गावाल्यांना कळत नाही, त्यांच्याच भल्याचं आहे" हे वाक्य चहाच्या गाड्यावर रोज मिळतं. माझं भलं मला न विचारता ठरवणाऱ्यांची मला भीती वाटते, मग त्यांचं गणित बरोबर असलं तरी.

गाव नेमकं काय गमावतं, हे शहरवाल्यांना घरफाळ्यापलीकडं दिसत नाही. लोकांनी प्रतिनिधी नेमून घरी बसणं रूसोला मंजूर नव्हतं. इंग्रज माणूस फक्त निवडणुकीपुरता स्वतंत्र असतो, असं तो म्हणायचा. ग्रामसभेत माणूस स्वतः हजर असतो. आमच्या मागच्या ग्रामसभेत एक म्हातारी उठली आणि सरपंचाला म्हणाली, "बाळा, तुझ्या दारात रोज पाणी, माझ्या दारात चार दिसानं. पाईप एकच हाय न्हवं?" सरपंच खाली बघायला लागला. महापालिकेत त्या म्हातारीनं हे कुणाला आणि कुठं उभं राहून विचारायचं?

उगाच गोडवे गात नाही. आमची ग्रामसभा बहुतेक वेळा तहकूबच होते, प्लॉटिंगवाले आले की ठराव आधीच लिहून तयार असतो. पण शहराकडं काय आहे? २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. त्याच काळात हद्दवाढीच्या मागणीला सगळ्यात जोर चढला. ज्या शहराला स्वतःचं सभागृह नव्हतं, ते गावांना आत या म्हणत होतं.

आणि पंचगंगेचं काय? शहरातल्या जयंती नाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं आणि खाली इचलकरंजी, शिरोळकडं जातं. आजूबाजूची गावं उद्या शहरात आली तरी शिरोळचा माणूस बाहेरच राहणार. त्याच्या हिताचा विचार कुठल्या जनतेच्या इच्छेत बसवायचा? पाणी, कचरा, बस, रस्ते, प्रत्येक प्रश्नाची जनता वेगळी आहे. त्या त्या प्रश्नापुरतं त्या सगळ्यांना एकत्र बसवा, खर्च वाटून घ्या, हिशोब उघडा ठेवा. सगळं एकाच रेघेत कोंबायचा हट्ट मला पटत नाही.

तरीही हद्दवाढ करायचीच असेल, तर आधी शहरात क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांची ग्रामसभेसारखी सभा, भरवून दाखवा. कायद्यात ती आहे. पेठेतल्या मित्रांनो, तुमच्या प्रभागात भरलेली कुणी पाहिली असेल तर खाली लिहा.