कचऱ्याच्या ट्रकवरून थेट युरोपचा बेस्ट ॲक्टर? अहो, तो रोल होता!

भावजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज मी आधी सोडून दिला होता, असले रोज चार येतात. पण नाटकाचा कोर्स करणाऱ्या भाचीने विचारलं की मामा हे खरंय का, बाबा म्हणतायत मग एवढी फी कशाला भरायची, तेव्हा डोकं सटकलं. मेसेज असा: फिनलंडचा मत्ती पेल्लोनपा हा कचऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर, 1986 मध्ये दिग्दर्शक अकी कौरिस्माकीने त्याला रस्त्यावरून उचलून हिरो केलं, ॲक्टिंग कधी शिकला नाही, चेहरासुद्धा हलवावा लागला नाही, तरी ऑस्कर मिळवलं आणि शेवटी शूटिंग चालू असताना सेटवरच गेला. खाली ‘टॅलेंटला डिग्री लागत नाही’ आणि दहा जोडलेले हात.

पहिलं म्हणजे मेसेजसोबतचा तो युनिफॉर्ममधला फोटो. तो कौरिस्माकीच्याच 1986 च्या ‘शॅडोज इन पॅरडाइज’ या सिनेमातला स्टिल आहे हो! त्यात त्याचं निकांदर नावाचं पात्र कचऱ्याची गाडी चालवतं आणि सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या प्रेमात पडतं. या हिशोबाने आपले निळूभाऊ फुले खरोखरच गावोगावचे पाटील होते म्हणायचं. 1991 च्या ‘नाइट ऑन अर्थ’मध्ये पेल्लोनपा हेलसिंकीचा टॅक्सीवाला झालाय, म्हणजे मधल्या काळात कचरा सोडून टॅक्सीचं लायसन्स काढलं असणार, नाही का?

हा माणूस 1962 मध्ये, अकरा वर्षांचा असताना, फिनलंडच्या सरकारी रेडिओवर नाटकांतून काम करायला लागला. मग हौशी थिएटर, आणि 1977 ला हेलसिंकीच्या थिएटर अकादमीतून शिक्षण पूर्ण. डिग्री लागत नाही म्हणून ज्याचा फोटो फिरवताय तोच रीतसर शिकलेला! आणि ‘1986 ला उचलला’ म्हणे. एलोनेट नावाचा फिनलंडच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहाचा डेटाबेस आहे, फुकट आहे, त्यात नाव टाका: 1982 चा ‘द वर्थलेस’, त्यात हाच मुख्य भूमिकेत, 1983 चा ‘क्राइम अँड पनिशमेंट’, 1985 चा ‘कालामारी युनियन’, ज्यात जवळपास सगळ्याच पुरुषांचं नाव फ्रँक आहे आणि त्यातला एक फ्रँक हा. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात, फॉरवर्ड करायला दोन सेकंद, प्रॉब्लेम तिथेच आहे.

चेहरा हलत नाही, यात थोडं तथ्य आहे, मान्य. कौरिस्माकीला नटांनी हातवारे केलेले चालत नाहीत, डायलॉग मोजके, रिहर्सल कमी, टेकही फार घेत नाही. पण म्हणून ते कुणालाही जमतं? ‘नाइट ऑन अर्थ’चा शेवटचा भाग बघा. मागे तीन दारुडे, त्यातल्या एकाची नोकरी गेलीय, तो बेशुद्ध, बाकीचे दोघे आमच्या मित्राइतकं वाईट कुणाचंच झालं नाही असं सांगतायत, आणि हा गाडी चालवत स्वतःची गोष्ट सांगतो: मूल वेळेआधी झालं, जगणार नाही असं वाटलं म्हणून नवराबायकोने त्याच्यावर जीव लावायचा नाही असं ठरवलं, आणि पुढे. ना आवाज चढतो, ना डोळे पुसतो, सपाट सांगत जातो, आणि ते दोघे रडायला लागतात. हे ट्रेनिंगशिवाय करून दाखवा, मी भाचीची फी परत मागायला स्वतः जातो.

न शिकता पुढे गेलेला माणूस हवाच असेल तर दिग्दर्शक घ्या ना. कौरिस्माकी फिल्म स्कूलला गेलेला नाही, पोस्टमन होता, हॉटेलात भांडी घासली. पण त्याने कॅमेऱ्यासमोर उभा केला तो शिकलेला नट, हे मेसेजवाल्याला सांगायचं नसतं.

सेटवर गेला हेही खोटं. 13 जुलै 1995 ला वासा शहरात हार्ट अटॅकने गेला, वय 44. कौरिस्माकीच्या पुढच्या ‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’ सिनेमामध्ये मुख्य रोल त्याच्यासाठीच होता, तो गेल्यावर कथा बदलून काती औतिनेनला मध्यभागी आणलं. ‘शॅडोज’मधली कॅशियर तीच.

राहिलं ऑस्कर. ते मिळालं नाही. ‘ला व्ही द बोएम’ या फ्रेंच भाषेतल्या सिनेमासाठी 1992 चं युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं, बेस्ट ॲक्टरचं, आणि ते काही छोटं नाही. कौरिस्माकीच्या सिनेमाला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं ते 2002 च्या ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ला, तोवर पेल्लोनपाला जाऊन सात वर्षं झाली होती. भावजी, एवढं तरी त्याच ग्रुपवर टाका.