‘परवान्या’बद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक तटस्थ वाचक’ यांस,

ख्रिस्ती विश्वास आणि पर्यावरणाची जबाबदारी यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचावी लागली, कारण ‘बाई, उपदेश आवरा’ या सुरुवातीपुढे पहिल्यांदा लक्षच जाईना. तटस्थ माणसं अशी सुरुवात करतात हे मला नवीन आहे. लेख लांबला, हे कबूल. पण उपदेश? त्यात मी कुणालाही ‘तुम्ही असं करा’ म्हटलेलं नाही. पुन्हा बघा.

आपलं मुख्य वाक्य असं : “उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायचा परवाना मिळाला, आणि आता फॅशन आली म्हणून त्याच बायबलातून तुम्ही झाडं-पाखरं शोधून काढताय.” शिवाय चर्चचा पैसा तेल कंपन्यांत असतो आणि ‘प्रभू उद्या येणार’ म्हणणारे झाडं कशाला लावतील, असे दोन टोले जाता जाता मारलेत. ते नंतर बघू.

मंडळ्या, म्हणजे चर्चेस, पर्यावरणावर उशिरा बोलू लागल्या, हे मी नाकारत नाही. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू पॅट्रिआर्क दिमित्रिओस यांनी ठरवला तो १९८९ साली. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक २०१५ चं. तोवर कारखान्यांची धुराडी दोन शतकं धूर ओकत होती. इतकं तुमचं बरोबर. पण लोकांनी एखादं पान उशिरा उघडलं, म्हणून ते पान उशिरा लिहिलं गेलं असं होत नाही.

आता तो परवाना. पहिल्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन सगळ्यांना पाठ असतं, एकोणतिसावं कुणी वाचत नाही. सत्ता दिल्यावर लगेच माणसाच्या पानात काय वाढलंय? बी देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळं. मांसाची मुभा येते ती थेट नवव्या अध्यायात, जलप्रलय होऊन गेल्यावर. म्हणजे ज्या प्राण्यांवर सत्ता दिली, त्यांना मारून खायचीही मुभा त्या पहिल्या आज्ञेत नाही. असला कसला परवाना? दुसऱ्या अध्यायात तर माणसाला बागेत ठेवलंय ते मशागत करायला आणि राखण करायला.

पुढे बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढा. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा. त्या वर्षी आपोआप उगवेल ते घरच्यांनी खायचं, दासांनी, मजुरांनी, परक्यांनी खायचं, गुराढोरांनी आणि रानातल्या जनावरांनीही. त्याच अध्यायात परमेश्वर स्वच्छ सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. विश्रांती दिली नाही तर काय, तेही सव्विसाव्यात आहे : तुम्ही शत्रूच्या देशात असाल तेव्हा जमीन आपली राहिलेली विश्रांती वसूल करील. आणि ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात यरुशलेम जळून गेल्यावर नेमका तोच हिशेब मांडलाय, सत्तर वर्षांच्या विश्रांतीचा. इथे जमीन सावकारासारखी थकबाकी वसूल करते, साहेब. मालक म्हणवणाऱ्याला हाकलून देऊन!

पाखरं शोधून काढली म्हणता? बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, बाविसावा अध्याय, सहावं वचन. वाटेत घरटं दिसलं तर पिल्लं घ्या, आईला सोडून द्या. शोधावं लागत नाही, पुस्तक उघडावं लागतं.

‘परवाना’ या मुद्द्यामागचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी सांगते. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा आरोप, विशेषतः पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर, केला आणि तो गंभीर आहे. पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत मानावं असं सुचवलंय. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं. अर्धा लेख उचलायचा आणि उरलेला झाकून ठेवायचा, याला तटस्थपणा म्हणतात का? आणि मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली १७८१ साली बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर बोलताना मुक्या प्राण्यांनाही मुक्ती मिळेल म्हणत होते, ते कुठल्या फॅशनपायी?

फॅशनचा शब्द मला लागला. मी पाळकाची मुलगी. संडे स्कूलमध्ये मुलांच्या पिढ्या माझ्या हाताखालून गेल्यात. ज्या मंडळीत मी वाढले तिथे चर्चच्या आवारातलं मोठं झाड गाड्या लावायला अडचण होते म्हणून तोडायचं ठरलं. बुंध्यावर पांढऱ्या रंगाने फुलीही मारून झाली होती. कमिटीच्या बैठकीत मी उभी राहून ‘अनुवाद’च्या विसाव्या अध्यायातलं वचन वाचलं : शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, “ताई, ते युद्धासाठी आहे. आपल्याला फक्त पार्किंग करायचंय.” हशा पिकला, ठराव झाला. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. त्यानंतर बराच काळ मला ‘झाडवाली बाई’ म्हणत. तेव्हा हवामान बदलावर बोललं की टाळ्या मिळत नव्हत्या, पाठीमागे कुजबुज मिळायची. हे वाचून तुम्ही लगेच ‘बघा, मी म्हणत नव्हतो का’ म्हणाल. म्हणा. कमिटीने वचन ऐकलं नाही यात दोष वचनाचा नाही.

राहिले ते दोन टोले. गुंतवणूक हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. चर्च ऑफ इंग्लंडने तेल कंपन्यांतून पैसा काढायचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, बाकीचं तुम्ही शोधा. दुसऱ्या आगमनाबद्दल, म्हणजे प्रभू परत येण्याबद्दल, एवढंच, की हवामानशास्त्रज्ञ जॉन हाउटन हे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या वैज्ञानिक गटाचं सहअध्यक्षपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. प्रभूची वाट पाहणं त्यांच्या कामाच्या आड आलं नाही.

उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त त्याआधी लेवीय पंचवीस आणि सव्वीस वाचा, आणि ‘बाई’ म्हणायचंच असेल तर पुढचं वाक्य तरी नीट लिहा.