आठ चालींत मात, पण समोरच्याने ऐकलं तर

परवा भाच्याने जो मेसेज पाठवला, तो गेल्या महिनाभरात मला चौथ्यांदा आला. आधीचे तिघे लांबचे होते, सोडून दिलं. पण हा पोरगा तो वाचून बुद्धिबळाच्या रेटेड (मानांकनात धरल्या जाणाऱ्या) स्पर्धेत तसा खेळून आला. पांढऱ्याच्या सहाव्या चालीनंतर वीस मिनिटं पटाकडे बघत बसला आणि हरला. वर मलाच विचारतो, "मामा, मेसेजात तर समोरचा उंट खेळतो. याने घोडा कसा काढला?"

म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: पांढऱ्याने डी-४ खेळलं (म्हणजे प्यादं डी-४ या घरात नेलं) की तुम्ही ई-५ खेळा. हा इंगलुंड गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं बळी देऊन खेळायची पद्धत. आठ चालींत हमखास मात. याला उत्तरच नाही. स्वीडनचे ग्रँडमास्टर इंगलुंड यांनी हा सापळा शोधला. मोठे खेळाडू गॅम्बिटला घाबरतात, विचित्र ओपनिंगसमोर (डावाच्या सुरुवातीच्या चालींसमोर) विश्वविजेतेही हरलेत. हे एक आलं की दुसऱ्या ओपनिंगचा अभ्यास नको.

आधी ती आठ चालींची मात बघू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. पांढरा ई-५ चं प्यादं मारतो. काळा घोडा सी-६ वर, पांढरा घोडा एफ-३ वर, काळा वजीर ई-७ वर. पांढरा आपलं प्यादं राखायला उंट एफ-४ वर आणतो. वजीर बी-४ वरून शह देतो, उंट डी-२ वर मागे येतो, वजीर बी-२ चं प्यादं खातो. इथपर्यंत पांढऱ्याचं काही बिघडलेलं नाही. आता मेसेजातला पांढरा वजिरावर हल्ला करायचा म्हणून उंट सी-३ वर ठेवतो. काळा उंट बी-४ वर येतो आणि पांढरा उंट राजापुढे पिन होतो, म्हणजे हलला तर राजा उघडा पडतो. पांढरा वजीर डी-२ वर, काळा उंट सी-३ वर मारतो, पांढरा वजिराने परत मारतो आणि काळा वजीर सी-१ वर. मात. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण शेवटी वजिराऐवजी घोड्याने मारलं तरी मात टळते, फक्त कोपऱ्यातला हत्ती जातो. म्हणजे ‘हमखास’ मातीसाठी समोरच्याने एक नाही, दोन घोडचुका करायला हव्यात, आणि त्याही ठरलेल्या चालींना.

आता ‘उत्तरच नाही’ याचं उत्तर. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी-३ वर. बस्स. काळ्याने उंट बी-४ वर आणला तर पांढरा हत्ती बी-१ वर येऊन वजिराला हाकलतो. वजीर ए-३ वर पळतो. हत्ती बी-३ वर, वजीर पुन्हा पळतो, ए-५ वर. मोजा. काळ्याच्या आठ चाली झाल्या, त्यातल्या पाच एकट्या वजिराच्या. राजाच्या बाजूचा घोडा अजून घरात, कॅसलिंगचा (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याचा) पत्ता नाही. पांढऱ्याचे दोन घोडे, एक उंट आणि एक हत्ती मैदानात आहेत. दोघांचं एकेक प्यादं गेलंय, म्हणजे ज्याच्या बदल्यात वेळ कमवायचा तो बळीही उरला नाही आणि वेळही गेला. गॅम्बिटमध्ये प्यादं देऊन सोंगट्या भराभर बाहेर काढायच्या असतात. इथे प्यादं परत मिळवण्याच्या नादात तीच गोष्ट समोरच्याला फुकट दिलीय. सहाव्या चालीच्या त्या घोड्यापाशीच भाचा वीस मिनिटं बसला होता. त्याला पुढचं काही माहीत नव्हतं, कारण मेसेज तिथपर्यंत जातच नाही.

इंगलुंड ग्रँडमास्टर वगैरे नव्हते. ते १९३३ साली गेले आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ही पदवी द्यायला सुरुवात केली १९५० मध्ये. त्यांनी १९३२ साली एक स्पर्धा पुरस्कृत केली, जिच्यात सगळे डाव पांढऱ्याने चौथ्या चालीला वजीर डी-५ वर नेल्यानंतरच्या स्थितीपासून खेळायचे होते. वरच्या सापळ्याच्या वाटेवर ती स्थिती येतच नाही.

‘मोठे खेळाडू घाबरतात’. न्यूयॉर्क, १९१८. अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये आठव्या चालीला डी-५ खेळून, पुढे विश्वविजेता झालेल्या कापाब्लांकासमोर प्यादं टाकलं. समोरचा तयारी करून आलाय हे कळत असूनही कापाब्लांकाने ते प्यादं खाल्लं, हल्ला सोसला, बचावाच्या चाली पटावर बसून शोधल्या आणि छत्तिसाव्या चालीपर्यंत डाव जिंकला. प्रतिस्पर्धी विचार करणारा असेल तर नुसत्या आश्चर्याच्या धक्क्याची किंमत किती, ते या एका डावात कळतं. बरं, मार्शलची कल्पना खोटी होती का? नाही. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, १९६५ च्या कँडिडेट्स (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) अंतिम लढतीत स्पास्कीने ती तालसारख्या हल्लेखोराविरुद्ध वापरली आणि आजही अव्वल खेळाडू ती खेळतात. पण तिथे प्यादं देऊन खरंच काहीतरी मिळतं. काळ्याचं कॅसलिंग झालेलं असतं, सोंगट्या पांढऱ्या राजाकडे बघत असतात. तिला आणि बी-२ चं प्यादं खायला धावणाऱ्या वजिराला एकाच माळेत ओवू नका.

विश्वविजेत्याचं मात्र खरं आहे, मान्य करावं लागेल. १९८० मध्ये स्कारा इथे टोनी माइल्सने तेव्हाचा विश्वविजेता कार्पोव याच्या ई-४ ला ए-६ असं उत्तर दिलं आणि जिंकला. पण माइल्स स्वतः ग्रँडमास्टर होता, त्याने प्यादं फुकट दिलं नव्हतं, आणि पुढचा अख्खा डाव तो चांगला खेळला. मेसेजवाल्यांना त्यातली फक्त पहिली चाल दिसते.

तीन मिनिटांच्या डावात इंगलुंडने माणसं फसतात, हेही खरं. मीही फसवलीत. ‘गॅम्बिट’ हा शब्दच मुळात इटालियन भाषेतला, पायात पाय घालून पाडणं या अर्थाचा. एकदा पडलेला माणूस पुढच्या वेळी खाली बघून चालतो.

अभ्यास नको, या सल्ल्यावर काय बोलणार? समोरच्याने पहिलीच चाल ई-४ खेळली की हा सगळा खजिना कपाटात.

भाच्याला मी इंगलुंड सोडायला सांगितलं नाही. काल त्याला पांढऱ्या सोंगट्या दिल्या आणि स्वतः काळ्याकडून हाच गॅम्बिट सात डाव खेळलो. पहिले दोन मी जिंकलो. उरलेल्या पाचांत तो सी-३ वर घोडा ठेवून माझ्याकडे बघत बसायचा.