‘सह्याद्रीत कसले लेयर घालताय?’

जून लागला की कुत्र्याच्या छत्र्या आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवरचा तो मेसेज एकदमच उगवतात. खाली नाव नसतं, ‘एका जुन्या ट्रेकरचा सल्ला’ एवढंच असतं. शब्द दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगणं हेच: लेयरिंग, म्हणजे एकावर एक पातळ कपड्यांचे थर चढवणं, हे बर्फातल्या लोकांचं फॅड. आपल्याकडे सुती कपडे बरे, हवा खेळती राहते. थंडी वाजलीच तर एक जाड स्वेटशर्ट पुरतो. पावसासाठी चांगल्या कंपनीचं महागडं जॅकेट घ्या, भिजायचा प्रश्नच मिटला. टोपी विसरू नका, निम्मी उष्णता डोक्यातून जाते. फारच गारठलात तर दोन घोट. आणि शेवटी हुकमी वाक्य: मावळे कुठे लेयर घालून गड चढत होते?

यंदा हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला, त्यातल्या एकावर तर माझ्याच मामेभावाने टाकला होता. उत्तर द्यायला लागलो तर म्हणाला, ‘जाऊ दे ना दादा.’ नाही जाऊ देत.

सुती कपड्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते एवढं खपतं. एप्रिल-मेच्या उन्हात सैल सुती शर्टासारखं सुख नाही. तो घाम धरून ठेवतो आणि हळूहळू वाळताना अंग गार करतो. ऑगस्टात हाच गुण अंगाशी येतो. पाणी वाळायला उष्णता लागते, लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी, आणि त्यातली बरीचशी तुमच्याच अंगातून जाते. शिवाय पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. घरात दोरीवर वाळत घातलेली जीन्स आठवा. जुलैत तिसऱ्या दिवशीही कमरपट्टा ओलाच असतो आणि कुबट वास येतो. शेजारचा ड्रायफिट टी-शर्ट तोवर दोनदा घालून झालेला असतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी जवळजवळ मुरतच नाही, नुसतं धाग्यांच्या फटींत बसतं, त्यामुळे झटकलं, पिळलं की बरंचसं निघून जातं.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टातच आम्ही पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला निघालो होतो. लोखंडी शिड्या चढेपर्यंत सगळे घामाघूम, कोणाला थंडीची आठवणही नाही. माथ्यावर, १६४६ मीटरवर, ढग आडवे पळत होते आणि वारा असा की बोललेलं शेजारच्याला कळेना. देवळाच्या आडोशाला बसलो आणि दहा मिनिटांत आमच्यातल्या एकाचे दात वाजायला लागले. अंगात जीन्स, कॉलेजचा कॉटनचा टी-शर्ट, वर हुडी, तिन्ही पिळून पाणी निघेल अशी. सॅकच्या पट्ट्याचं बक्कल त्याला उघडता येईना, बोटंच ऐकेनात. पोरं हसत होती. मलाही आधी गंमतच वाटली, मग लक्षात आलं की हा आता उलट उत्तरही देत नाहीये, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

शरीराच्या आतलं तापमान ३७ वरून ३५ अंशांखाली घसरलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बाहेर शून्य अंश लागत नाही. ओलं अंग, वारा आणि थकवा असला तर दहा-पंधरा अंशांतही गाठतो. आमचा गडी तिथवर गेला होता का, सांगता येत नाही, थर्मामीटर कोणाकडे होता! ओले कपडे उतरवले, कोणाचा तरी कोरडा टी-शर्ट आणि माझा फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचा मऊ, उबदार कपडा, चढवला, वरून डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, पोंचो, आणि गोड चहा. अर्ध्या तासाने तो बोलला. पहिला शब्द शिवी होता, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आता जाड स्वेटशर्ट. ऊब कापडात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून दोन पातळ कपड्यांमधली हवाही कामाला येते. पण खरी अडचण वेगळीच आहे. एकच जाड कपडा असला की दोनच पर्याय उरतात, उकडणं नाहीतर कुडकुडणं. चढावर तो घामाने भिजणार आणि नेमका माथ्यावर, गरज पडेल तेव्हा, ओला असणार. थर हवेत ते कमी-जास्त करता येतात म्हणून. अंगालगत घाम बाहेर सोडणारा पातळ पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारा. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. हवा १० अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असला तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहाटे उभं राहिलेल्याला हे आकडे नकोतच.

लोक थर किती, कोणते यावर वाद घालतात आणि कधी काढायचे हे विसरतात. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पायथ्याशी छान ऊबदार वाटत असेल तर पहिल्या चढावर भिजणार हे नक्की. आणि थांबल्यावर उलटं: थंडी वाजायची वाट बघायची नाही. सॅक खाली ठेवली की आधी फ्लीस, मग पाणी, मग फोटो. त्यासाठी फ्लीस पिशवीत बांधून सॅकच्या तोंडाशी हवा. तळाशी, डब्याखाली दडपलेला फ्लीस कोणी भर वाऱ्यात काढत नाही.

महागड्या जॅकेटबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण मीही त्यात पैसे घातलेत. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. छिद्रं पाण्याच्या थेंबाला लहान पडतात, वाफेला मोठी. थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. तत्त्व खरं आहे. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैतल्या घाटमाथ्यावर तुम्ही ढगातच उभे असता, तिथे कोरडं काय असणार? त्यात वरच्या कापडावरचा पाणी ओघळवणारा लेप झिजला की कापड ओलं होऊन चिकटतं आणि उरलीसुरली वाटही बंद. पाऊस बाहेर थांबतो, तुम्ही आतून भिजता. बाही उलटी केलीत तर पाणी ओघळताना दिसेल.

साधा पोंचो इथे जास्त कामाचा. खालून उघडा, हवा फिरते, सॅकही झाकली जाते. मात्र कड्याजवळ आणि शिडीवर तो नको. वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. तिथे अंगाबरोबरचं जॅकेटच. पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या, सपाटीवर तर मी चक्क छत्री वापरतो, हसणाऱ्यांनी हसावं. आणि काहीही घेतलंत तरी सह्याद्रीच्या पावसात भिजणार आहातच. म्हणून सगळ्यात मोलाचा कपडा म्हणजे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेला कोरडा जोड. मुक्कामी पोचल्यावरच तो काढायचा, आणि सकाळी निघताना पुन्हा ओलेच कपडे चढवायचे. नको वाटतं, पण दहा पावलांत अंग तापतं.

डोक्याचं लवकर उरकू. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, उष्णताही तेवढ्याच हिशोबात जाते. अमेरिकन लष्कराच्या १९५० च्या दशकातल्या चाचण्यांत माणसांना डोकं सोडून सगळीकडे झाकलं होतं, तेव्हा उष्णता उघड्या डोक्यातूनच जाणार. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी ही समजूत खोडून काढली. टोपी तरीही घ्या, सॅक न उतरवता काढता-घालता येणारा तेवढाच एक थर आहे.

दारूच्या दोन घोटांनी कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर पडते. त्यात उतरायचंही तुम्हालाच असतं.

राहिले मावळे. त्यांचं नाव घेण्याआधी त्या मुलखातले लोक पावसात काय घालत ते तरी बघा. धनगराच्या खांद्यावर घोंगडी. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिऊनही पार गार पडत नाही. धागा कुरळा, त्यामुळे हवा धरून ठेवतो. घोंगडीची खोळ केली की डोकं-पाठ दोन्ही झाकतात. आणि लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. वरून पाणी निथळतं, खालून हवा खेळते. पोंचो म्हणजे तरी वेगळं काय? पाय मात्र उघडे, कारण कातडी जीन्सपेक्षा लवकर वाळते. लोकरीचा थर, वर पावसाचा थर, ऊन पडलं की दोन्ही खांद्यावर. लेयरिंग हा शब्द तेवढा नव्हता.

हे सगळं मामेभावाला ऐकवलं. तो म्हणाला, ‘मग रविवारी घोंगडी घेऊन येऊ?’ म्हटलं, भिजलेली घोंगडी उचलून गड चढायला तसे खांदे लागतात. तू आपला फ्लीस आण, आणि ती जीन्स घरीच ठेव.